बोट एकाचं, कुऱ्हाडी बारा

दत्ताराम हवालदारांशी मी पहिल्यांदा वाद घातला तो लढाईवरून. ते चौथी पास आणि मी ट्रेनिंग झालेला शिक्षक, त्यामुळे वाद मीच जिंकणार याविषयी मला शंका नव्हती. साल पासष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, महाड शहरातून पोलादपूरच्या पुढे कोंडवाडीच्या एकशिक्षकी शाळेवर आलेला. सव्वीस वर्षांच्या मास्तराला जगातलं जेवढं कळतं, तेवढं पुढे कुठल्याच वयात कळत नाही.

कोंडवाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. खाली सडकेवर चहाचं एक खोपट होतं. एसटीचा ड्रायव्हर तिथे आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र टाकून जाई आणि संध्याकाळी मी ते मोठ्यानं वाचून दाखवी. सप्टेंबरात सीमेवर लढाई पेटली आणि माझे श्रोते चौपट झाले. बातमी संपली की चर्चा, आणि चर्चेचा शेवट रोज तोच. पलीकडच्या देशाचा लष्करशहा हाच सगळ्याचं मूळ. त्याला एकट्याला उचलला की तिकडची गरीब जनता आपल्या गळ्यात पडायला तयारच आहे. हे मत मूळचं माझं, पण आठ दिवसांत ते सगळ्या वाडीचं झालं होतं.

हवालदार एकदाच बोलले. कोपऱ्यातल्या फळीवर ताठ बसायचे, बूट काढून शेजारी जोडीनं ठेवलेले. पलटणीत मिळालेल्या बुटांना ते रोज पॉलिश करायचे आणि चालायचे मात्र अनवाणी. म्हणाले, "मास्तर, आमी बगदादच्या बाजूला व्हतो तवा खबर आली, मुसोलिनीला त्याच्याच लोकांनी खाली वढला. सायबानं कंपनीला मिठाई वाटली. म्हनला, सुटलो. मंग म्हयन्यादोनम्हयन्यानं आमाला इटलीत उतरवलं. पुढं पावनेदोन वर्सं लडलो. माझा डावा कान तितंच गेला."

"ती गोष्ट वेगळी हवालदार, तिथे जर्मन होते," मी म्हणालो.

"व्हय ना. एक गेला तर दुसरा व्हता. पोरं तीच व्हती," ते म्हणाले आणि बूट उचलून घरी गेले. मी श्रोत्यांकडे बघून हसलो. तेही हसले, म्हणजे जिंकलो मीच.

हवालदारांबद्दल सांगायचं तर माणूस सरळ, थोडा ताठ, आणि कुणी विचारलं तर फार खूश होणारा. पेन्शन आणायला महाडला जाताना ते लष्करी टोपी घालत. घराचा दगडी गडगा ढासळला, गाय व्यायली, मुंबईहून पत्र आलं, काहीही असो, वाडी म्हणे, "हवालदारास्नी इचारा." गावकीचा पुढारी महिपती होता, पण महिपतीसुद्धा आधी त्यांच्याकडे बघून मग बोलायचा. त्यांची बायको प्रयागबाई सुईण. त्या खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. या नवराबायकोला एकच मुलगी, शकू. दोन वर्षांपूर्वी तिला पऱ्यापलीकडच्या, म्हणजे मधल्या ओढ्यापलीकडच्या, माळवाडीत दिली होती, कुशाबाच्या थोरल्या मुलाला. कोंडवाडीच्या अंगणात उभं राहून हाक मारली तर माळवाडीत ऐकू जाईल, एवढंच ते सासर लांब.

आणि तरी मार्चपासून आईबापाला लेकीचं तोंड दिसलेलं नव्हतं. कारण झालं होतं एक झाड.

शिमग्याला होळीसाठी सावरीचं झाड तोडून, ढोल वाजवत, खांद्यावरून आणायचं ही इकडची रीत. झाड आपल्याच शिवेतलं हवं, रस्त्यात जमिनीला टेकता कामा नये. आदल्या पावसाळ्यात पऱ्यानं मोठ्या पुरात पात्र बदललं आणि काठावरची एक जुनी उंच सावर, जी पलीकडे होती, ती अलीकडे आली. कोंडवाडीच्या पोरांनी ती तोडली. पण ती माळवाडीची शिवेची सावर होती. तिच्या मुळाशी शेंदूर लावलेला दगड होता, दरसाल त्याला नारळ फुटायचा. शिवेचं झाड तोडणं म्हणजे इकडे नुसती लाकूडचोरी नव्हे, ते गावाची जमीन खाणं. माळवाडीचा पुढारी हैबती दुसऱ्या दिवशी पऱ्याच्या दगडावर उभा राहून जे बोलला, त्यातलं मला इथे काहीच लिहिता येणार नाही. त्याच दिवशी त्यांच्या गावकीनं देवीपुढे नारळ ठेवला. कोंडवाडीशी पाणी-तंबाखू बंद, येणं-जाणं बंद, जो मोडील तो वाळीत.

आमच्या वाडीनंही मग त्यांची पोलादपूरला जायची पायवाट काटे टाकून बंद केली. माझ्या शाळेत येणारी माळवाडीची नऊ पोरं यायची थांबली. कोंडवाडीत जो तो हैबतीच्या नावानं बोटं मोडत होता. पोरांनी चुकून तोडलं एक झाड, त्याचं एवढं, असं सगळ्यांचं म्हणणं. आपला तो बाब्या. हैबती सोडला तर माळवाडीची माणसं देवमाणसं, हेही सगळ्यांचं म्हणणं, आणि माझं तर होतंच. माझ्या मताला पुरावा हवा होता, तो दारातच सापडला होता.

जूनमध्ये कळलं की शकूला दिवस गेलेत. तसे ते गेल्या वर्षीही गेले होते आणि पाचव्या महिन्यात पोट पडलं होतं. तेव्हा प्रयागबाई आठ दिवस माळवाडीत मुक्काम ठोकून होती म्हणून पोरगी तरी वाचली. माळवाडीत दुसरी सुईण नव्हती. सातव्यात मुलीला माहेरी आणायचं हा सगळ्यांकडचाच रिवाज, पण इथे तो नुसता रिवाज नव्हता.

"मी जाते अंधाराची," प्रयागबाई नवऱ्याला म्हणाली. मी ओट्यावर होतो.

"जाशील. आनि कुशाबाचं घर वाळीत पडंल. मंग तितं तिला पानी कोन दील?"

प्रयागबाई गेली नाही. ती दिवसातून तीनदा अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. पलीकडे कुशाबाच्या परसात एखादं लुगडं वाळत असलं तर तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. मला त्या बाईकडे बघवत नसे. मी तोंड फिरवून शाळेत जाई आणि पोरांवर ओरडे.

भाद्रपदात हैबती काविळीनं गेला.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मी स्वतः म्हणालो. हे लिहिताना आज लाज वाटते, पण म्हणालो. संध्याकाळी सावर तोडणाऱ्या पोरांतल्या सयाजीनं आणि त्याच्या सोबत्यांनी चहाच्या खोपटात गूळ वाटला आणि मी तो खाल्ला. योगायोगानं त्याच दोन-चार दिवसांत लढाई थांबल्याची बातमी आली. मी वर्तमानपत्र फडकवत हवालदारांच्या ओट्यावर गेलो. "तिकडेही थांबलं, इकडेही थांबेल. आता शकूला आणायची तयारी करा," मी म्हणालो.

त्या दिवशी मुसोलिनीची गोष्ट सांगणारा माणूस कुठे गेला होता कोण जाणे. हवालदारांचे डोळे भरले. म्हणाले, "व्हय मास्तर. आता अडवनारा कोन ऱ्हायलाय?" माणसाला दुसऱ्याच्या लढाईतलं सगळं कळतं. स्वतःची लेक आली की तोही माझ्याइतकाच मास्तर होतो.

पोलादपूरच्या पिठाच्या गिरणीत त्यांना कुशाबा भेटला. गिरणी म्हणजे दोन्ही वाड्यांना मोकळी जागा, तिथे बोललं तर दंड नव्हता. मी बरोबर होतो. कुशाबा गरीब स्वभावाचा, खांदे पाडून चालणारा माणूस. व्याह्यांना बघून त्यानं डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं.

"पोरगी बरी हाय. पायावर सूज हाय जराशी," तो आधी म्हणाला.

"सुतक फिटलं की न्यायला येतो," हवालदार म्हणाले.

कुशाबा खाली बघत राहिला. "माझं काय नाय व्याही. माझ्या मनात तर रोज येतंय. पन वाडी नाय म्हनंल. आता तर जास्तच. म्हनतात, हैबतीनं ठेवलेला नारळ हैबतीच्या माघारी उचलला तर त्याला काय वाटंल? त्यात तुमच्याकडं गूळ वाटला म्हनं."

"वाडी म्हंजे कोन रे कुशाबा?"

"आता तसं एकाचं नाव कसं घ्यावं? गोमाजी मानूस चांगला हाय. तोव म्हनतो, माझं काय नाय. भागोजी म्हनतो, माझं काय नाय. समदेच म्हनतात."

परतताना हवालदार दोन मैल माझ्यापुढे चालले. पाठीवर पिठाची पिशवी, आणि चाल कधी नव्हे ती वाकडी. गूळ माझ्याही दातात होता.

दहाव्याच्या दिवशी सकाळी ते टोपी घालून शाळेच्या दारात आले. "मास्तर, पऱ्यावर चला. तुमी दोनी वाड्यांचे मास्तर. साक्षीला कुनी असावं."

"कशाची साक्ष?"

"चला तर," ते म्हणाले.

माळवाडीची माणसं पऱ्याच्या पलीकडच्या काठावर जमली होती. पोलादपूरहून भटजी आले होते. हैबतीचं पिंडदान झालं होतं आणि मोठ्या कातळावर पानावर भाताचे पिंड ठेवून सगळे मागे सरून बसले होते. ऐनाच्या झाडावर कावळे होते, चांगले आठ-दहा, पण एकही खाली उतरत नव्हता. कावळा पिंडाला शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलं. मग मागे राहिलेल्यांनी हात जोडून शब्द द्यायचा असतो, की बाबा, तुझं ते राहिलेलं आम्ही करू. खरा शब्द निघाला की कावळा शिवतो.

आम्ही अलीकडच्या काठावर झाडाआड उभे राहिलो. मध्ये वीस पावलं पाणी. तिकडचं सगळं ऐकू येत होतं.

गोमाजी हा आता वाडीतला वडील माणूस. तो पुढे होऊन म्हणाला, "हैबती, तुज्या बायकोला कायव कमी पडू देनार नाय." कावळे जागचे हलले नाहीत. भागोजी म्हणाला, "तुज्या पोराचं लगीन आमी करू." तेही कावळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकेक जण उठायला लागला. म्हैस विकणार नाही, शेत पडीक टाकणार नाही, मुंबईच्या भावाला वाटणी देऊ. तास गेला. ऊन तापलं. भटजींनी दर्भाचा कावळा करू का, असं विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. खरा कावळा न मिळता दर्भाच्या कावळ्यावर भागवायचं म्हणजे पुढाऱ्याची आणि वाडीचीही अब्रू जाणं.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्याच्या मनात तेच असनार." आणि एक तरणा पुढे येऊन कातळासमोर ओरडला, "हैबतीदादा, कोंडवाडीचं त्वांड बगनार नाय. तू ठेवलेला नारळ आमी उचलनार नाय." त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. शब्द वाढत गेले. पायवाट मोकळी करून घेऊ, सावरीच्या बदल्यात त्यांची दोन आंब्याची झाडं पाडू. गिरणीत खांदे पाडून बोलणारा कुशाबाही उठला. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते पाण्यापलीकडे आलं नाही, पण हात त्यानंही जोडले. मला हवालदारांकडे बघायचं धाडस झालं नाही.

कावळा खाली आला नाही.

बायका जरा बाजूला बसल्या होत्या. त्यांतून हैबतीची विधवा ठमाबाई उठली. रडून तिचा आवाज बसला होता. "त्यांच्या नावावर खपवू नगा," ती म्हणाली. "गनपतीत तेच म्हनत व्हते, पुरं झालं, पोरी अडकल्यात, नारळ उचलतो. ह्याच कातळावर तुमी म्हनलात, पुढारी भ्याला. तवा गप ऱ्हायले. अंथरुनात पडल्यावर पन तेच बोलत व्हते."

सहा महिने ज्या माणसाला मी राक्षस म्हणून शिकवला, तो स्वतःच्याच माणसांना भिऊन गप्प बसला होता. माझं सगळं मत त्या पाण्यातून वाहून गेलं आणि, खरं सांगतो, वाईट वाटलं ते हैबतीचं.

हवालदार झाडाआडून बाहेर आले आणि सरळ पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात, मध्यावर थांबले. त्याच्या पुढे माळवाडीची हद्द. टोपी काढली. पलीकडे गडबड झाली, दोघं-तिघं उठले, पण ते बोलायला लागले ते पलटणीच्या आवाजात.

"हैबती, मी दत्ताराम. तुजी सावर पोरांनी चुकून नाय तोडली. पोरांनी मला इचारलं, कुठली तोडायची. मी बोट दावलं. ती तुमची हाय हे मला ठावं व्हतं. ल्हानपनी मी तितं गुरं चारली, तिचा नारळ खाल्लाय. पऱ्या सरला तशी शीव सरली, असं मी पोरांना सांगितलं. बारा जन कुऱ्हाडी घेऊन उभे, समदे माझ्या तोंडाकडं बगतायत. लई बरं वाटलं मला. म्हनून दावलं. सात म्हयनं मी गप ऱ्हायलो आनि तुला शिव्या खाऊ दिल्या. तुज्या मयताला आलो नाय. माझं चुकलं. शिवेवर दुसरी सावर मी लावीन आनि जगवीन. माज्या लेकीसाठी नाय बोलत. बोलत असंन तरी खोटं नाय बोलत."

मग ते तसेच उभे राहिले. गोमाजी कातळाकडे वळला. हात जोडून म्हणाला, "हैबती, नारळ उचलतो. तुजं ऱ्हायलेलं ते करतो."

ऐनावरून एक कावळा उतरला, कातळावर दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

मी शाळेत विज्ञानही शिकवायचो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, हे मला माहीत आहे. दोन तास ऊन खाल्लेल्या कावळ्याला भूकही लागते. पण त्या क्षणी दोन्ही काठांवरून जो सुस्कारा निघाला, त्यात माझाही होता. गोमाजी मटकन खाली बसला. ज्या तरण्यानं आंबे पाडायचा शब्द दिला होता, तो सगळ्यांत आधी डोळे पुसत होता. त्याचंही काही नव्हतंच म्हणे.

आमच्या वाडीत मात्र स्वागत झालं नाही. महिपती चढावर वाट अडवूनच उभा होता, मागे सयाजी आणि बाकीचे.

"हवालदार, समद्या वाडीचं नाक कापलंत," महिपती म्हणाला. "आता तुमीच केलंत ना समदं? तसं सांगू आमी."

हवालदारांच्या धोतरातून पाणी गळत होतं. "बोट माझं व्हतं महिपती. एकाचं. कुऱ्हाडी बारा व्हत्या. बोटाचं मी बोलून आलो. कुऱ्हाडीचं ज्याचं त्यानं बगावं."

"तुमी दावलं नसतं तर आमी तोडली नसती," सयाजी म्हणाला.

"नसतीच तोडली. म्हनून तर गेलतो," हवालदार म्हणाले. "आनि तुमी नाय म्हनला असतात तर माझं बोट हवेत ऱ्हायलं असतं. त्येव खरं हाय."

सयाजी वाटेतून बाजूला झाला. संध्याकाळी पायवाटेवरचे काटे काढलेले दिसले. कुणी काढले ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. चहाच्या खोपटात मी वर्तमानपत्र वाचलं, पण पुढारी या विषयावर तोंड उघडलं नाही. कुणाला आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही.

सुतकात देवळात जाता येत नाही, म्हणून तेराव्यापर्यंत नारळ तसाच राहिला. ते तीन दिवस प्रयागबाईनं कसे काढले तिला माहीत. तेरावं उरकलं, माळवाडीनं देवीपुढचा नारळ उचलून फोडला आणि त्याची शेरणी, म्हणजे प्रसादाचे तुकडे, आमच्याकडेही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा स्वतः शकूला घेऊन पऱ्यावर आला.

हवालदार अर्धा तास आधीपासून पाण्यात उभे होते. पलीकडून शकू आली. सुजलेले पाय, पोट दिसणारं, चेहरा उतरलेला. बापानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. ती काठावर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

"पानी जोरात हाय गो. हात दे," हवालदार म्हणाले.

"आबा, मी दारात बसून दिस मोजत व्हते. मला वाटायचं, हैबतीमामानं अडवलंय. मी त्येंच्या मरनावर टपले व्हते." तिचा आवाज फुटला. "एवढं एक वाक्य बोलायला तुला सात म्हयनं लागलं?"

मी अलीकडून बघत होतो. हवालदारांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, पण हे त्यांनी ऐकलं.

"लागलं गो," ते म्हणाले. आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

पाणी त्यांच्या मांड्यांना घासून जात होतं. कुशाबा मागे तोंड फिरवून उभा होता. प्रयागबाई अलीकडून उतरायला लागली तशी मी तिला थोपवली. मग शकूनं पदर खोचला, बापाच्या हाताला हात लावला आणि पाण्यात पाय टाकला.